प्रोसेसरचा मीटर कोणी वाचायचा?

आपलाच प्रोग्रॅम का रेंगाळतोय हे पाहायला लिनक्सवर ‘पर्फ’ चालवावं, तर परवानगी नाही म्हणून तो हात वर करतो. शेजारचा अनुभवी सहकारी सांगतो, ‘रूट होऊन चालव, काउंटर फक्त रूटलाच दिसतात.’

हा सल्ला अर्धाच खरा. किती इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्या, किती वेळा कॅशमध्ये डेटा सापडला नाही, अशी मोजणी करणारे काउंटर प्रत्येक कोअरमध्ये असतात. ते कोणाला दाखवायचे हे ‘पर्फ_इव्हेंट_पॅरॅनॉइड’ या सेटिंगवर ठरतं. 2016 च्या 4.6 कर्नलपासून त्याची मूळ किंमत 2 आहे. म्हणजे साध्या वापरकर्त्याने स्वतःच्या प्रोग्रॅमची मोजणी खुशाल करावी, कर्नलच्या आत काय चाललंय ते मात्र पाहू नये. डेबियन आणि उबंटूने त्यावर आणखी कडक पायरी चढवली आहे, म्हणून तिथे सरसकट नकार मिळतो. मूळ लिनक्स कर्नलवर तरी रूट व्हायची गरज नाही. 2020 च्या 5.8 कर्नलपासून ‘कॅप_पर्फमॉन’ हा फक्त मोजणीपुरता वेगळा अधिकार देता येतो.

‘नुसते आकडे तर वाचायचे, त्यात कसला धोका?’ असं म्हणत ते सेटिंग -1 करून, म्हणजे सगळी बंधनं काढून, मोकळे होणारे बरेच आहेत. त्यांनी 2013 ची गोष्ट आठवावी. पर्फच्या सिस्टिम कॉलमध्ये इव्हेंटचा 64 बिटांचा क्रमांक 32 बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात भरला जात होता. एवढ्या चुकीतून साधा वापरकर्ता थेट रूट होऊ शकत होता. मोजणीचं दार सर्वांना उघडं, म्हणून ही फट सर्वांच्या हाताशी होती.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र जाणकारांचा: ‘सिस्टिम कॉल हवाच कशाला? आरडीपीएमसी ही एक इन्स्ट्रक्शन दिली की काउंटर हातात.’ इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर ही इन्स्ट्रक्शन आहे आणि ती झटपट चालते, हे खरं. पण काउंटर कोअरचा असतो, तुमच्या प्रोग्रॅमचा नाही. रिक्षात बसलात आणि मीटर नव्याने डाऊनच केला नाही, तर आधीच्या प्रवाशाचं भाडंही तुमच्याच माथी. हा मीटर दर वेळी डाऊन करण्याचं काम कर्नल करतो. म्हणून आधी पर्फकडून इव्हेंट उघडून घ्यायचा आणि त्याचं एक पान आपल्या मेमरीत मॅप करायचं. त्या पानावर काउंटरचा क्रमांक असतो आणि आधीची जमा बाकी असते. त्या बाकीत आरडीपीएमसीचा आकडा मिळवला की आपलं खरं मोजमाप हाती येतं. क्रमांकाच्या जागी शून्य दिसलं, तर त्या क्षणी आपला इव्हेंट हार्डवेअरवर नाहीच, तेव्हा मुकाट्याने सिस्टिम कॉल करावा. पान मॅप न करताच इन्स्ट्रक्शन दिली, तर 2015 च्या 4.0 कर्नलपासून आरडीपीएमसीच्या मूळ सेटिंगवर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. मला हे योग्यच वाटतं. चुकीच्या आकड्यापेक्षा कोसळणं बरं.

आरडीटीएससी ही दुसरी इन्स्ट्रक्शन वापरून ‘सायकल’ मोजणाऱ्यांसाठी एकच सांगणं: अलीकडच्या प्रोसेसरवर तो काउंटर कोअरचा वेग कमी-जास्त झाला तरी एकाच गतीने धावतो. ते घड्याळ आहे.

राहता राहिला ‘हवे तितके इव्हेंट एकदम मोजता येतात’ हा समज. इंटेलच्या स्कायलेकवर हायपरथ्रेडिंग चालू असताना प्रत्येक थ्रेडला प्रोग्रॅम करता येण्याजोगे काउंटर मिळतात चारच. दहा इव्हेंट मागितले की कर्नल त्यांना पाळीपाळीने बसवतो आणि पर्फ मोजलेला आकडा पूर्ण वेळेच्या प्रमाणात फुगवून दाखवतो. तो हे लपवत नाही. ओळीच्या शेवटी कंसात टक्केवारी छापलेली असते, आपणच ती वाचत नाही. तिथे 40 टक्के दिसलं, तर उरलेल्या 60 टक्के वेळेचा आकडा अंदाजाने भरलेला आहे. इव्हेंट कमी करा आणि पुन्हा मोजा.