आत काय आहे?

गेल्या वर्षी अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री आमचं सिंक तुंबलं. चकल्या झाल्या होत्या, शेव झाली होती, ओट्यावर तेलकट भांड्यांचा ढीग आणि सिंकमध्ये वीतभर पिवळट पाणी. तुमच्याकडे अजून झालं नसेल, तर दिवाळी अजून संपलेली नाही!

लेक म्हणाली, "बाबा, बेकिंग सोडा टाक, वर व्हिनेगर ओत." ओतलं. छान फसफसलं, धाकट्याने टाळ्या वाजवल्या, पाणी मात्र तसूभरही उतरलं नाही. मी जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लँटमध्ये काम करतो. मला हे आधीच कळायला हवं होतं. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात, उरतात बुडबुडे आणि खारट पाणी. पाइपात थिजलेल्या तुपाला त्याचं सोयरसुतक नसतं.

मग बायकोने ब्लीचची बाटली काढली. तेवढ्यात आई सहज म्हणाली, "अरे, दुपारी मी त्यात संडास धुवायचं औषध ओतलंय थोडं."

माझ्या अंगावर काटा आला. त्या औषधात हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि आमचं स्वयंपाकघर केवढं, तर एचडीबीचं!

जुरोंग आयलंड म्हणजे सात बेटांमधला समुद्र बुजवून केलेलं एक बेट. मुंबईकरांना यात नवल नाही. तिथे मात्र पासशिवाय जाता येत नाही, आणि पाइप उघडायचा तर परमिट लागतं. आधी विचारतात, आत काय आहे? घरी हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आईने आपणहून सांगितलं म्हणून निभावलं.

तुम्ही असं करा. आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, कोणी काय ओतलंय. कोणी औषध ओतलं असेल तर खिडक्या उघडा, हातमोजे आणि चष्मा घाला, वर दुसरं काहीही ओतू नका. प्लंजरही नको, पाणी तोंडावर उडतं. औषध नसेल तर प्लंजर मारा. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसरं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा. तरी नाही उतरलं, तर मगाने पाणी उपसा, खाली बादली ठेवा आणि बॉटल ट्रॅप फिरवून काढा. प्लॅस्टिकचा असला तर बहुधा हातानेच सुटतो. पुढच्या पाइपात हँगरच्या तारेचा आकडा घाला. साबण आणि गरम पाणी सगळ्यात शेवटी, तेही उकळतं नको, पाइप मऊ पडतो. आणि बेसन अडकलं असताना गरम पाणी ओतलंत, तर आत पिठलं होईल. हे मी गमतीने म्हणत नाहीये.

कढई धुण्याआधी वर्तमानपत्राने पुसा, कागद कचऱ्यात टाका.

आमच्या ट्रॅपमधून तूप निघालं, पीठ निघालं आणि तळाशी घट्ट बसलेली गुलाबी-हिरवी रांगोळी. दगडाची भुकटी ती. लेकीने रांगोळीच्या वाट्या रोज सिंकमध्येच धुतल्या होत्या. यंदा ती बादली घेऊन बसते, आणि ते पाणी कुठे ओतायचं यावर आजीशी वाद घालते.