मेंदू आधी की पाऊल आधी?

हाडे, दात व कवट्या यांच्या आधारे मानवजातीचा पूर्वेतिहास जुळविणाऱ्या शास्त्रास शारीरिक मानवशास्त्र असे म्हणतात. या शास्त्रापुढे एके काळी मोठा प्रश्न होता, तो असा : मानवाचा मेंदू आधी वाढला, की तो आधी दोन पायांवर चालू लागला?

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग येथील चुनखडीच्या खाणीत एका बालकाची कवटी सापडली. जोहान्सबर्ग येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी ती खडकातून मोकळी केली. तिच्यातील मेंदू लहान, वानराच्या मेंदूसारखा होता; परंतु सुळे आखूड होते. शिवाय मज्जारज्जू ज्या छिद्रातून खाली उतरतो, ते छिद्र वानराप्रमाणे मागे नसून पुढच्या बाजूस, कवटीच्या तळाशी होते. मस्तक ताठ कण्यावर तोललेले असेल, तरच अशी रचना संभवते. यावरून हा प्राणी दोन पायांवर चालत असावा, असे डार्ट यांनी १९२५ साली प्रतिपादन केले व त्यास ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस’ हे नाव दिले.

इंग्लंडमधील अनेक विद्वानांना हे मत रुचले नाही. १९१२ साली जाहीर झालेली पिल्टडाउन येथील कवटी त्यांच्यासमोर होती. तिच्यात मेंदू मानवाचा व जबडा वानराचा दिसे. मात्र १९५३ साली रासायनिक परीक्षेने खरा प्रकार उघडकीस आला. मानवी कवटीस ओरांगउटानचा जबडा जोडून, दात कानशीने घासून व हाडे रंगवून कोणीतरी ही लबाडी केली होती!

डार्ट यांच्या मताला पुढे भक्कम पुरावा मिळाला. १९७८ साली टांझानियातील लेटोली येथे मेरी लीकी यांच्या पथकास ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले आढळली. सुमारे ३६ लक्ष वर्षांपूर्वी कोणी तेथून दोन पायांवर चालत गेले होते. मेंदूची मोठी वाढ त्यानंतर कितीतरी लक्ष वर्षांनी झाली.

आपल्या देशातही १९८२ साली नर्मदाकाठी हथनोरा येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला. तो कोणत्या मानवजातीचा, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्यांचा निर्णय नव्या पुराव्यानेच लागेल. विद्वानांच्या प्रतिष्ठेपेक्षा एका बालकाच्या कवटीची साक्ष अखेर वरचढ ठरली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.