डिजिटल गिटार रिगला कोणता पॉवर ॲम्प? समजून घ्या क्लास ए, एबी आणि डीचा हिशेब

केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स असा एखादा मॉडेलर घेतला की हेडफोनवर सगळं झकास वाजतं. अडचण येते बँडबरोबर वाजवताना. मॉडेलरमधून निघणाऱ्या लाइन लेव्हल सिग्नलने गिटार कॅबिनेटचा १२ इंची स्पीकर वाजत नाही. मध्ये पॉवर ॲम्प लागतो, आणि तो घेताना 'क्लास' या शब्दाने गोंधळ उडतो.

क्लास म्हणजे दर्जा नव्हे. ए उत्तम आणि डी टाकाऊ, असं काही नसतं. आतले ट्रान्झिस्टर किंवा ट्यूब कशा पद्धतीने चालतात, एवढंच ते अक्षर सांगतं.

क्लास एमध्ये ते सतत चालू असतात. गिटार गप्प असली तरी वीज खातात. कागदावरसुद्धा कार्यक्षमता ५० टक्क्यांपुढे जात नाही, बाकीची उष्णता. क्लास एबीत लाटेचा वरचा अर्धा भाग एकाकडे, खालचा दुसऱ्याकडे, आणि सांध्यावर दोघेही थोडा वेळ चालू. मार्शल-फेंडरचे मोठे ट्यूब ॲम्प याच जातीचे.

डी म्हणजे डिजिटल, हा गैरसमज जुना आहे. ते फक्त सीनंतरचं अक्षर. यात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतात आणि शेवटचा फिल्टर त्या स्पंदांतून मूळ आवाज काढतो. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे हीटसिंक लहान, वजन कमी. फेंडरने २०१९ मध्ये आणलेला टोन मास्टर ट्विन रिव्हर्ब २०० वॅट क्लास डीवर चालतो आणि भरतो सुमारे १५ किलो. त्याचा ८५ वॅटचा ट्यूब भाऊ जवळपास दुप्पट जड. लोकलमधून रिग नेणाऱ्याला हा फरक वेगळा सांगायला नको.

मग क्लास डी 'निर्जीव' वाजतो ही तक्रार कुठून येते?

बहुतेक वेळा दोष क्लासचा नसतो, आउटपुट इम्पीडन्सचा असतो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलं असलं तरी तो आकडा स्थिर नसतो. खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, तो कित्येक पट चढतो आणि वरच्या स्वरांतही वाढत जातो. ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असल्याने नेमक्या त्या जागी स्पीकरला जास्त व्होल्टेज मिळतं. खर्ज घुमतो, वरचे स्वर चमकतात. क्लास डी किंवा बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्प हा उंचवटा देत नाहीत.

मॉडेलरमधलं पॉवर ॲम्प सिम्युलेशन हेच काम करतं. त्यामुळे क्लास डी असेल तर ते चालू ठेवावं; ट्यूब पॉवर ॲम्प असेल तर बंद, नाहीतर एकच रंग दोनदा चढतो. गिटार कॅबिनेट जोडलं तर कॅब सिम्युलेशन मात्र दोन्ही वेळा बंद. पैसे खर्च करण्याआधी ही दोन बटणं तपासलेली बरी.

वॅटचा आकडाही जपून वाचावा. सेमोर डंकनच्या पॉवरस्टेज १७० चे १७० वॅट ४ ओहमवरचे आहेत. गिटार कॅबिनेट बहुधा ८ किंवा १६ ओहमचं असतं, तिथे ८ ओहमला साधारण निम्मेच वॅट मिळतात. अर्थात वॅट निम्मे झाले तरी आवाज ३ डेसिबलच उतरतो. पण इथे डिस्टॉर्शन मॉडेलर तयार करतो, पॉवर ॲम्पने स्वच्छच राहायचं असतं. म्हणून ५० वॅटचा ट्यूब ॲम्प ड्रमवर सहज मात करतो, तिथे क्लास डीला जास्त वॅट हाताशी लागतात.

नव्याने घेणाऱ्यासाठी क्लास डी हाच व्यवहारी पर्याय. ट्यूब पॉवर ॲम्प घरात आधीच असेल तर विकायची घाई नको. फक्त स्पीकर न जोडता तो कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अनेक क्लास डी ॲम्पमध्ये स्पीकर आउटपुटची कोणतीच बाजू ग्राउंड नसते, त्यामुळे ती तार चुकूनही मिक्सरला लावू नये. आणि अमेरिकेतून कोणी ॲम्प आणणार असेल तर मागची पट्टी आधी वाचून घ्यावी. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३०.