मॅटवरची झुंज (लेखांक ५) : पाय ओलांडले, पुढे काय?

मागच्या आठवड्यात आपण गार्ड पाहिला. पाठीवर पडलेला खेळाडू दोन्ही पाय स्वतःच्या आणि वरच्याच्या मध्ये ठेवून लढतो, तो गार्ड. कोल्हापूर-सांगलीच्या मातीतल्या कुस्त्या बघत वाढलेल्या वाचकांना हे पचायला जड गेलं असणार. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती निकाली. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठ लागल्यावर खरी लढत सुरू होते, कारण खालच्याचे पाय मोकळे असेपर्यंत वरच्याने काहीच जिंकलेलं नसतं. ते पाय ओलांडून त्याच्या धडाशी पोचायचं आणि तिथे ठाण मांडायचं, याला गार्ड पास करणं म्हणतात.

याचं मूळ ज्युदोत आहे. वरच्याने दाबून धरलेलं असताना खालच्याने त्याचा पाय आपल्या दोन पायांत अडकवला, की ज्युदोचा पंच पकड सुटली असं जाहीर करतो. ज्युदोच्या कोदोकान या संस्थेत तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला. पुढे तिथल्या बेलें शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला. ग्रेसी घराण्याने जमिनीवरच्या लढतीलाच इतकं महत्त्व दिलं, की पाय ओलांडणं ही एक वेगळी विद्याच होऊन बसली.

आजच्या गुणपद्धतीतही तिचा मान दिसतो. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे उभ्याने पाडलं तर २ गुण, खालून उलटवलं तर २, गार्ड पास केला तर ३. छातीवर स्वार होऊन माउंट घेतला किंवा पाठ मिळवली तर ४. पण अट अशी, की पास झाल्यावर ३ सेकंद जागा टिकवली पाहिजे. ही ३ सेकंदं फार छळतात.

पाय कमरेभोवती कुलूपबंद असतील, म्हणजे क्लोज्ड गार्ड असेल, तर आधी ते उघडावे लागतात. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे उभं राहणं. एका हाताने त्याची बाही धरून ठेवायची, दुसऱ्याने गुडघा खाली रेटायचा, बाकीचं काम त्याचंच वजन करतं. मात्र दोन्ही हात त्याच्या पायांच्या आत तरी ठेवायचे, नाहीतर दोन्ही बाहेर. एक आत आणि एक बाहेर राहिला, तर खालच्याला मान आणि खांदा पायांच्या त्रिकोणात आवळायची आयती संधी मिळते.

पाय उघडले की दोन घराणी दिसतात. एक चपळाईचं. टोरेआंदोमध्ये दोन्ही गुडघ्यांपाशी पँट पकडून पाय एका बाजूला ढकलायचे आणि आपण दुसऱ्या बाजूने वळसा घालून जायचं. दुसरं घराणं दाबाचं. बर्नार्दो फारियाने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत आपलं वजन आणि खुला गट अशी दोन्ही सुवर्णं घेतली. त्याची ओळख म्हणजे ओव्हर-अंडर. एक हात एका मांडीवरून, दुसरा दुसऱ्या मांडीखालून, खांदा पोटात रुतवलेला आणि डोकं कमरेला चिकटलेलं. मग तसूतसूने पुढे सरकायचं. बघायला कंटाळवाणं, सोसायला भयंकर. माझा कल या दुसऱ्या घराण्याकडे आहे, कारण वेग वयाबरोबर उतरतो, वजन टाकण्याची अक्कल उतरत नाही.

या दोन्ही घराण्यांना जोडणारा पास म्हणजे नी-कट. तो सावकाश बघू. समजा तुमचा उजवा पाय खालच्याच्या दोन पायांच्या मध्ये आहे. तो उजवा गुडघा त्याच्या उजव्या मांडीवरून तिरका सरकवत डावीकडे मॅटवर टेकवायचा. त्याच वेळी उजवा हात त्याच्या डाव्या बगलेखालून घालायचा, हा अंडरहूक. डाव्या हाताने त्याची उजवी बाही वर ओढून धरायची, म्हणजे त्याला त्या कोपरावर उठून बसता येत नाही. गुडघा मॅटला लागेपर्यंत छाती छातीपासून सुटू द्यायची नाही. नवशिक्यांचं लक्ष गुडघ्याकडे असतं, जाणत्यांची मारामारी अंडरहूकसाठी चालते.

आता खालचा गप्प पडून राहणार नाही. त्याने डावी नडगी तुमच्या छातीशी आडवी घातली, तर गुडघा पुढे जात नाही. मग जोर लावत बसायचं नाही. कंबर फिरवून, त्याच्या पायांकडे तोंड करून, मागचं पाऊल वळवून दुसऱ्या दिशेने निघायचं. हा बॅकस्टेप. त्याने अंडरहूक हिसकावला आणि वर यायला लागला, तर त्याची मान आणि तोच हात तुमच्या कवेत येतो, आणि पासचा नाद सोडून गळा आवळणारा डार्स चोक लावता येतो. तो अंग चोरून वळला, तर त्याचा पाय आपल्या अंगावरून पलीकडे ओढून टाकायचा, की दोन्ही गुडघे एकाच बाजूला पडतात आणि पाठ उघडी होते. हा लेग ड्रॅग राफाएल आणि गिल्हेर्मे या मेंडेस बंधूंनी गाजवला. यातल्या राफाएलच्या नावावर सहा जागतिक विजेतेपदं आहेत.

म्हणून पास हा एकटा डाव नव्हे. पहिला डाव बहुधा प्रश्न विचारण्यापुरताच असतो, खालच्याने त्याला कसं उत्तर दिलं त्यावरून दुसरा ठरतो. हे कळायला साओ पावलोच्या लेआंद्रो लोच्या लढती पाहाव्यात. आठ जागतिक विजेतेपदं, तीही पाच वेगवेगळ्या गटांत. उभ्याने, चवड्यांवर, टोरेआंदोने पाय हलवायचे, समोरच्याने ते सावरायला घेतले की त्याच फटीत नी-कट घुसवायचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साओ पावलोत गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो अवघा ३३ वर्षांचा होता.

आता त्या ३ सेकंदांकडे येऊ. पाय ओलांडले की अनेक जण सुस्कारा सोडतात आणि तेवढ्यात खालचा कंबर सरकवून गुडघा परत आत आणतो. पाय मागे पडले तरी कंबर मोकळी आहे, हे विसरून चालत नाही. एका हाताने मानेखालून क्रॉसफेस देऊन डोकं पलीकडे वळवायचं, म्हणजे त्याला तुमच्याकडे कुशीवर होता येत नाही. दुसरा हात किंवा गुडघा कमरेला खेटून ठेवायचा. डोकं एकीकडे आणि कंबर दुसरीकडे अशी अडकली, की गार्ड परत मिळवणं अवघड होतं.

तरीही चतुर खेळाडू एक वाट काढतो. पास होणार हे दिसताच तो पालथा होऊन गुडघ्यांवर गोळा होतो. जागा टिकली नाही, म्हणजे वरच्याला पासचे ३ गुण मिळत नाहीत. पण पाठ आयती समोर येते आणि दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आत रुतल्या की ४ गुण. मोठ्या स्पर्धांत ३ वाचवण्यासाठी ४ चा धोका पत्करणारे कमी नाहीत, कारण पाठीवर चढू पाहणाऱ्याला झटकून टाकण्याचे उपायही त्यांच्याकडे असतात. ते उपाय आणि पाठीवरची पकड, दोन्ही पुढच्या लेखांकात.