हळदीचा रंग आणि प्रथिनांचें वाचन

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकांठीं हळद पिकते, आणि तिचा रंग आमच्या स्वयंपाकघरांतील प्रत्येक फडक्यास ठाऊक आहे. हा रंग कंदांत घडवितात तीं कांहीं प्रथिनें. प्रथिन म्हणजे वीस जातींच्या अमिनो आम्लांचे मणी ओंवलेली माळ. मण्यांचा क्रम बदलला कीं माळेचें कार्यही बदलूं शकतें. इन्शुलिनच्या अवघ्या ५१ मण्यांचा क्रम लावण्यांत फ्रेडरिक सँगर यांचीं दहा-बारा वर्षें गेलीं, व १९५८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

हा क्रम वाचण्याची नवी युक्ति अशी. खाऱ्या पाण्याच्या दोन कप्प्यांमध्यें अत्यंत पातळ पटल ताणावयाचें व त्यांत एकच छिद्र ठेवावयाचें. त्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारें दहा लक्षांश भागाएवढी! विजेचा किंचित् दाब देतांच क्षारकण त्यांतून धांवूं लागतात व सूक्ष्म प्रवाह वाहतो. माळ आंत शिरली कीं वाट अडते. कोणता मणी प्रवाह अधिक अडवितो, कोणता कमी. गडाच्या दिंडींतून एकेक मनुष्य जात असतां आंत येणाऱ्या उजेडावरून तो लठ्ठ कीं कृश हें ओळखावें, तसेंच हें.

डी. एन. ए. ही रीत आतां सरावाची झाली आहे. भोपाळच्या शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं हळदीचा जो जीनसंच प्रसिद्ध केला, त्यांत अशाच छिद्रांचें साह्य होतें. पण तो झाला पाकशास्त्राचा ग्रंथ. पानांत प्रत्यक्ष काय वाढलें हें प्रथिनांसच विचारावें लागतें. आणि प्रथिनें मोठीं हट्टी! डी. एन. ए. सर्वत्र ऋणभारित असल्यामुळें वीज त्यास सरळ ओढते, व त्याचीं अक्षरें चारच. प्रथिनाचा भार जागोजाग निराळा, अंग गुंडाळीसारखें वळलेलें, अक्षरें वीस, शिवाय डी. एन. ए. प्रमाणें त्याच्या हव्या तितक्या नकला काढतां येत नाहींत. म्हणून रक्ताच्या थेंबांत रोगाचें एखादें विरळ प्रथिन असेल, तर त्याचे जे थोडे रेणु हातीं लागतील तेच वाचले पाहिजेत.

२०२१ सालींच हॉलंडांतील डेल्फ्ट येथें सेस डेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथिनाच्या तुकड्यास डी. एन. ए. ची दोरी बांधली, आणि ती पावलापावलानें ओढणाऱ्या 'हेलिकेज' नामक प्रथिनाकडून तुकडा छिद्रांतून सरकविला. एका मण्याचा फरकही ओळखूं आला. तोच तुकडा पुनःपुनः वाचतां आला, हें मला त्याहूनही महत्त्वाचें वाटतें.

तें छिद्र कोठलें? 'मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस' या जंतूच्या कवचांतलें. क्षय व कुष्ठरोग यांचे जंतु याच कुळांतले. मिरजेचें रिचर्डसन कुष्ठरुग्णालय ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कुळाची ओळख करून द्यावयास नको. त्यांतलाच हा बहुधा निरुपद्रवी भाऊबंद असा उपयोगी पडला!

पुढें २०२४ सालीं सिॲटल येथील संशोधकांनीं याहून पुष्कळ लांब माळा छिद्रांतून ओढून दाखविल्या. तथापि अगदीं अनोळखी प्रथिन आरंभापासून अखेरपर्यंत या रीतीनें बिनचूक वाचणें अद्याप साधलेलें नाहीं.