तीन लिप्यांचा वारसा आणि संगणक

बारावी किंवा पदवी पूर्ण केलेला कोहिनूर परिसरातील तरुण डॉक्टरांकडे आला, की हमखास विचारतो, ‘संगणकाचा कोणता कोर्स करू?’ वैद्यकीय व्यवसायात राहून या प्रश्नाचे जे उत्तर मला सुचत गेले, ते येथे मांडत आहे. कोर्सचे नाव दुय्यम आहे. आपल्या मुलांपाशी एक भांडवल जन्मतःच आहे. ते संगणकावर वापरता येणे, हे खरे कौशल्य होय.

हे भांडवल म्हणजे भाषा. बसवकल्याण तालुक्यातील या भागात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि रुग्णालयाच्या कागदांवर इंग्रजी चालते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात असल्याने अनेक घरांतील जुनी कागदपत्रे उर्दूत आहेत. परिणामी एकच माणूस निरनिराळ्या कागदांवर निरनिराळ्या नावांनी वावरतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. मराठी वळणाने ते इंग्रजीत लिहिले, तर पहिले अक्षर ‘डी’ येते. कन्नड वळणाने लिहिले, तर ‘जे’ किंवा ‘जी’. माणसाला हा भेद क्षुल्लक वाटतो, यंत्राला मात्र ही वेगळी माणसे वाटू शकतात. आधारपत्र, शिधापत्रिका आणि विम्याचे कार्ड यांतील नावे जुळली नाहीत, की ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी नातेवाइकांना धावपळ करावी लागते. ही गफलत नोंदणीच्या खिडकीवरच ओळखू शकेल, असा माणूस तिन्ही लिप्या जाणणाराच असणार.

म्हणून पहिले कौशल्य मराठी आणि कन्नड टंकलेखनाचे. भारतीय भाषांसाठीचा ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट आहे. त्यात मराठीचा ‘क’ ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कन्नडचाही ‘क’ आहे; ‘त’, ‘प’, ‘र’ यांचेही तसेच. एकदा बोटांना वळण लागले, की दोन्ही लिप्या हाती येतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच अगम्य चिन्हांची रांगोळी होत असे, हे अनेकांना आठवत असेल.

दुसरे कौशल्य तक्त्यांचे, म्हणजे एक्सेलसारख्या प्रणालीचे. तक्ता भरणे सोपे. त्यातील धोके ओळखणे हेच शिकण्यासारखे. ०३/०४ ही तारीख संगणकाच्या मांडणीनुसार ३ एप्रिल ठरते किंवा ४ मार्च. आकड्याच्या आरंभीचे शून्य गळते. पंधरा अंकांहून मोठा क्रमांक संख्या म्हणून भरला, तर पुढील अंकांचे शून्य होते. अशा निष्काळजीपणाची किंमत मोठ्या देशांनीही मोजली आहे. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल वापरली. तिची ओळींची मर्यादा भरल्याने कोविडच्या सुमारे १६,००० बाधितांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला.

तिसरे कौशल्य नवे आहे. भाषांतर करणारी, पत्रे लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आज खिशातील फोनवर आली आहे. तिचा मसुदा तपासणारा माणूस मात्र हवाच. ‘दिवसाआड एक गोळी’ याचे कन्नडमध्ये ‘दिवसाला एक गोळी’ झाले, तर? आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट रोज घेतले गेले, तर जिवावर बेतते, हे आपण डॉक्टर जाणतोच. दोन्ही भाषा मुळातून जाणणारा तरुण येथे यंत्राहून मोलाचा ठरतो.

चौथे कौशल्य गुप्तता राखण्याचे. रुग्णाच्या अहवालाचे छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नये, दवाखान्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवू नये, ओटीपी कुणालाही सांगू नये. २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला; पण आपल्या व्यवसायात ही शिस्त फार जुनी आहे. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हेही प्रत्येक तरुणाला ठाऊक असावे.

यासाठी मोठे शुल्क भरण्याची गरज नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ विनामूल्य असून त्यांतील अनेक मराठी व कन्नडमध्येही आहेत. महाराष्ट्रात नोकरी करू इच्छिणाऱ्यांनी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र अवश्य मिळवावे. परंतु प्रमाणपत्र दार उघडते, आत टिकवते ती सवय.

ही सवय प्रत्यक्ष कामातूनच लागते. म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने गावातील एका मुलाला किंवा मुलीला सहा महिने, योग्य मानधन देऊन, आपल्या दवाखान्यातील नोंदींच्या कामावर घ्यावे. गुप्ततेचे नियम आधी समजावावेत, केलेले काम रोज तपासावे आणि अखेरीस अनुभवाचे पत्र द्यावे. पुणे, हैदराबाद किंवा कलबुर्गी येथे मुलाखतीस जाताना त्या पत्राचा उपयोग होईल. कदाचित त्यांतील काही जण येथेच राहतील, आणि आपल्या रुग्णांची नावे तिन्ही लिप्यांत बिनचूक लिहिली जातील.