तिसरी स्टेज म्हणजे कुठे?

‘स्टेज’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. ‘अवस्था’, ‘टप्पा’ हे शब्द कागदावर राहतात. दवाखान्याच्या बाकावर लोक ‘स्टेज’च म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक जिना उभा राहतो. अंडाशयाच्या कर्करोगाबाबत हा जिना फार दिशाभूल करतो, असं मला सूक्ष्मदर्शकापाशी बसून वर्षानुवर्षं वाटत आलं आहे. स्टेज सांगते ती जागा. निदान झालं तेव्हा रोग शरीरात कुठवर पोचलेला होता, एवढंच.

जगभर एकाच पद्धतीने नोंद व्हावी म्हणून ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम ठरवले आहेत. त्यांची मोठी फेरमांडणी २०१४ मध्ये झाली. रोग अंडाशयात किंवा बीजनलिकेतच असेल तर पहिली स्टेज. ओटीपोटातल्या शेजाऱ्यांकडे, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय यांच्याकडे गेला तर दुसरी. तिथून वर पोटाच्या अस्तरावर किंवा पोटामागच्या लसीकाग्रंथींत पोचला तर तिसरी. फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात त्याच्या पेशी सापडल्या, किंवा तो यकृताच्या आत वा पोटाबाहेर गेला, तर चौथी. यकृताच्या नुसत्या पृष्ठभागावर असेल तर मात्र तिसरीच.

बऱ्याच बायकांचं निदान तिसऱ्या स्टेजलाच होतं. त्याचं खापर त्यांच्या हयगयीवर फोडायची आपल्याला सवय आहे. पण अंडाशयाची जागाच तशी आहे. ते पोटाच्या पोकळीत उघड्यावर असतं. सुटलेल्या पेशीला रक्तवाहिनी शोधत बसावं लागत नाही. पोटात थोडा द्रव असतोच, तो श्वासागणिक हलतो, आणि त्याच्याबरोबर ती थेट श्वासपटलापर्यंत जाऊ शकते. वाटेत ओमेंटम लागतं, आतड्यांवर पदरासारखा लोंबणारा चरबीचा पडदा. त्या पदराला या पेशी हटकून चिकटतात. शिवाय सर्वाधिक आढळणारा प्रकार पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर बीजनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो, असं गेल्या दोन-अडीच दशकांत दिसून आलं आहे. आणि ते टोक तर पोकळीतच उघडतं. म्हणून २०१४ च्या मांडणीत अंडाशय, बीजनलिका आणि उदरावरण यांचे कर्करोग एकाच तक्त्यात आले.

नेमकी स्टेज सहसा शस्त्रक्रियेनंतरच ठरते. स्कॅनवरून अंदाज येतो, पण राईएवढे ठिपके त्यात निसटतात. शल्यविशारद पोट धुतलेलं पाणी, ओमेंटम, अस्तराचे तुकडे, कधी लसीकाग्रंथी आमच्याकडे पाठवतात. ओटीपोटाबाहेरची गाठ मी पट्टीने मोजते: दोन सेंटिमीटरपर्यंत ‘तीन-बी’, त्याहून मोठी ‘तीन-सी’. लहानशा सुपारीएवढ्या गाठीवर अक्षर बदलतं. अंडाशयापुरत्याच दिसणाऱ्या गाठीत सुई घालून तुकडा काढणंही टाळतात, कारण आवरण फुटून पेशी पोटात सांडू शकतात. शस्त्रक्रियेत ते फुटलं तरी ‘एक-सी-एक’ अशी वेगळी नोंद होते.

आमच्या खिडकीवर रिपोर्ट न्यायला आलेल्या एका मुलाने मला विचारलं होतं, “मॅडम, एकूण स्टेजी किती असतात?” मी म्हटलं, चार. तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. आईची तिसरी होती. उरलेल्या एका बोटाला तो काळ समजत होता, हे मला दिसत होतं. मी त्याला बाकावर बसवून कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. पॅथॉलॉजिस्टच्या कामात हे बसत नाही, पण बसायला हवं.

त्याला आणखी एक सांगितलं: लिहिलेली स्टेज पुढे बदलत नाही. पहिल्या स्टेजच्या बाईचा रोग काही वर्षांनी उलटला, तरी ‘तिची स्टेज वाढली’ असं आम्ही म्हणत नाही. पहिल्या स्टेजचा, उलटलेला रोग म्हणतो.

मग लवकर पकडला की काम झालं? ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी होई आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले: त्या गटात रोग अधिक वेळा पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. मला हा या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा निकाल वाटतो. जागा कळली म्हणजे स्वभाव कळला असं नाही.

म्हणून हाती आलेल्या रिपोर्टात स्टेजचा आकडा शोधून कागद मिटू नये. कर्करोगाचा प्रकार कोणता, त्याची ग्रेड काय, शस्त्रक्रियेनंतर पोटात डोळ्यांना दिसेल एवढा रोग मागे राहिला का, बीआरसीए जनुकाची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी औषध ठरवतं. आणि दोष वारशाने आलेला निघाला, तर तिच्या बहिणींनी आणि मुलामुलींनीही तपासणीचा विचार करायचा असतो.